आयबीएस असेल तर रोजची आहारनोंद कशी ठेवावी

आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी पुन्हा पुन्हा होणारा आतड्याचा विकार) निदान झालं की डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ बहुतेकदा पहिलं काम सांगतात, ‘काय खाता ते लिहून ठेवा.’ नेमकं काय लिहायचं, किती बारकाईने लिहायचं आणि लिहिलेलं वाचायचं कसं, हे मात्र रुग्णावर सोडलं जातं. मग दहा-बारा दिवसांत ‘दुपारी जेवण, संध्याकाळी पोट दुखलं’ अशा ओळी जमतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. पुष्कळ जण इथेच वही बंद करतात. असं होऊ नये म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पोट दुखायला लागलं की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो, आणि आयबीएसमध्ये तो अंदाज वारंवार चुकतो. पदार्थ आणि त्याचा त्रास यांच्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, कधी पूर्ण दिवसही. म्हणून नोंद वेळेसकट, मापासकट आणि चांगल्या दिवसांसकट हवी.

काय काय लागेल

- एक छोटी वही किंवा फोनमधलं साधं टिपणांचं अ‍ॅप. सतत जवळ राहील ते निवडा.
- नेहमीच्या वापरातली एक वाटी, एक कप आणि एक चमचा. त्यांत किती मिलिलिटर पाणी मावतं ते एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे ‘१ वाटी’ म्हटलं की माप नक्की राहतं.
- ब्रिस्टल स्टूल चार्टची प्रत. मळाच्या स्वरूपाचे १ ते ७ प्रकार दाखवणारा हा तक्ता सहज मिळतो.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. व्हिटॅमिनच्या गोळ्या, पाचक चूर्णं, अ‍ॅसिडिटीची औषधंही त्यात आली.
- आधी झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट.

१. वही उघडण्याआधी निदान पक्कं करा

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या रोम ४ निकषांनुसार आयबीएस म्हणायचं तर गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोटदुखी हवी. शिवाय पुढच्या तीनपैकी किमान दोन गोष्टी तिच्याशी जोडलेल्या हव्यात: शौचाशी संबंध, शौचाच्या वेळा बदलणं, मळाचं स्वरूप बदलणं. त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते. हे निदान डॉक्टरांनी करायचं आहे.

खालीलपैकी काहीही असेल तर आहारनोंद करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा: मळातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पोटात हाताला लागणारी गाठ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, सीलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे होणारा) वा आतड्याच्या दाहाचा आजार.

इथे एक मोठा सापळा आहे. अनेक जण नोंद सुरू करतानाच गहू बंद करतात. सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी ग्लूटेन खात असतानाच खरं उत्तर देते, कारण ती शरीराने ग्लूटेनविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. गहू सुटला की ती प्रतिद्रव्यं कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. मग तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो आणि ज्यांना त्याचा खरंच त्रास आहे त्यांचे ते दिवस फार वाईट जातात. तेव्हा आधी तपासणी, मग प्रयोग.

२. पान आखा

रोज एक पान, त्यावर पाच रकाने: वेळ, काय आणि किती, पोटाची लक्षणं, शौच, इतर. प्रत्येक घटना ज्या वेळी घडली त्या ओळीत लिहा. जेवणं एका पानावर आणि लक्षणं दुसऱ्या पानावर असं करू नका, दोन्ही एकाच वेळापत्रकात दिसली पाहिजेत.

एका दिवसाचा तुकडा असा दिसतो:

- रात्री ९:०० – राजम्याचं सूप दीड वाटी (राजमा, १ मध्यम कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, १ चमचा तेल), भात १ वाटी. पोट शांत.
- रात्री १:४५ – झोप.
- सकाळी ६:४५ – पोट फुगलेलं ७/१०, वात, दुखणं ३/१०.
- सकाळी ८:०० – दूध घातलेली कॉफी १ कप (दूध ६० मिलि), उकडलेलं अंडं १.
- सकाळी ८:१५ – एकदम घाई, प्रकार ६. त्यानंतर दुखणं १/१०.
- इतर – ५ तास झोप, सकाळी महत्त्वाची बैठक.

एवढ्या सहा ओळींत किती माहिती आहे ते पुढे, सातव्या पायरीत, पाहू.

३. पदार्थाचं नाव पुरत नाही, त्यातलं काय ते लिहा

‘भाजी’, ‘सूप’, ‘सँडविच’ ही नावं कामाची नाहीत. आयबीएसमध्ये त्रास देणारे घटक बहुतेकदा पदार्थाच्या नावात नसतात, ते फोडणीत, सॉसमध्ये किंवा तयार मसाल्यात असतात. कांदा आणि लसूण हे त्यातले सगळ्यात मोठे. त्यांत फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते आणि ती माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाही. पाकिटावर ‘ओनियन पावडर’, ‘गार्लिक पावडर’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा.

बाहेर खाल्लं आणि घटक कळले नाहीत तर ‘घटक माहीत नाहीत’ असंच लिहा. अंदाजाने रकाना भरलात तर नंतर तोच अंदाज पुरावा म्हणून वाचला जाईल.

लिहायला सहज विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: चहा-कॉफी आणि त्यातलं दूध, फळांचा रस, मध, फसफसणारी पेयं, मद्य, स्वयंपाक करताना चाखलेले घास, च्युइंगगम आणि ‘शुगर-फ्री’ गोळ्या. शेवटच्या दोन्हींत सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल असे पदार्थ असतात आणि जास्त प्रमाणात ते कोणालाही जुलाब करू शकतात. काही पाकिटांवर त्यांचे फक्त क्रमांक असतात: ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल. ‘जास्त फायबर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत आणि बारमध्ये इन्युलिन किंवा चिकोरीच्या मुळांचा अर्क असतो, तोही फ्रुक्टनच.

माप वाटी, कप, चमचा, नग यांत लिहा. ग्रॅमपर्यंत जायची गरज नाही, पण ‘थोडं’ आणि ‘भरपूर’ हे शब्द वहीत नकोत. आयबीएसमध्ये प्रश्न बहुतेकदा ‘हा पदार्थ चालतो का’ असा नसतो, ‘किती चालतो’ असा असतो. पाव सफरचंद निभावणाऱ्या पोटाला अख्खं सफरचंद जड जाऊ शकतं.

उष्मांक मात्र मोजू नका. वजन आणि कॅलरीचे रकाने या वहीत आले की लक्ष दुसरीकडेच जातं. ज्यांना पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झालेला आहे त्यांनी तर आहारनोंद तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठेवावी, किंवा लक्षणांचीच नोंद ठेवून पदार्थांची सोडून द्यावी.

४. पोट आणि शौच: आकड्यांत लिहा

दुखणं, फुगणं आणि वात या तिन्हींना ० ते १० असे वेगवेगळे गुण द्या. ‘पोट खराब’ या दोन शब्दांत हे सगळं कोंबलं की नंतर वेगळं काढता येत नाही, आणि प्रत्येकाची कारणं वेगळी असू शकतात.

शौचासाठी ब्रिस्टल चार्टचा क्रमांक लिहा. प्रकार १ म्हणजे सुटे, कडक खडे आणि २ म्हणजे खडबडीत, गाठी-गाठींचा मळ. हे दोन बद्धकोष्ठतेकडचे. ३ आणि ४ हे नेहमीचे समजले जातात. ५ म्हणजे मऊ, सुटे तुकडे. ६ म्हणजे कडा विस्कटलेला, लगदा झालेला, आणि ७ म्हणजे पूर्ण पातळ. क्रमांकाशेजारी दोन खुणा करा: घाई लागली होती का, आणि पोट पूर्ण साफ झाल्यासारखं वाटलं का. शौचानंतर दुखणं कमी झालं, वाढलं की तसंच राहिलं, तेही एका शब्दात लिहा.

हे क्रमांक पुढे थेट उपयोगी पडतात. मळ बिघडलेला असतानाच्या शौचांपैकी पाव हिश्शाहून जास्त वेळा १-२ आणि पाव हिश्शाहून कमी वेळा ६-७ असेल तर आयबीएस बद्धकोष्ठतेच्या प्रकारात मोडतो. उलट असेल तर जुलाबाच्या. दोन्ही पाव हिश्शाहून जास्त असतील तर मिश्र. औषधांची निवड या वर्गीकरणावर ठरते. मात्र रेचक किंवा जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या चालू असताना हे गणित बिघडतं, म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी त्या दिवसाच्या पानावर दिसली पाहिजे.

५. ‘इतर’ रकाना रिकामा ठेवू नका

झोप किती तास झाली, दिवस किती ताणाचा होता (० ते १०), व्यायाम केला का, आणि पाळी येत असेल तर तिचा कितवा दिवस. पाळीच्या आसपास शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची संप्रेरकांसारखी द्रव्यं वाढल्याने आतड्याची हालचाल वाढते आणि अनेकींना त्या दिवसांत जुलाब व कळा जास्त होतात. हा रकाना नसेल तर त्या चार दिवसांतला कोणतातरी निरपराध पदार्थ कायमचा बंद होतो.

औषधांवर खास लक्ष द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी मळ कडक होऊ शकतो. मॅग्नेशियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं, मेटफॉर्मिन आणि अँटिबायोटिक्स यांनी पातळ होऊ शकतो. कोडीन असलेली वेदनाशामकं बद्धकोष्ठता करतात. काही खोकल्याच्या सिरपमध्ये सॉर्बिटॉल असतं. नोंदीत असं काही दिसलं तरी औषध आपल्या मनाने थांबवू नका, ते पान डॉक्टरांना दाखवा.

जेवण्याची पद्धतही इथेच येते: उभ्याने, दहा मिनिटांत, काम करता करता खाल्लं का? सकाळपासून उपाशी राहून रात्री एकदम भरपेट जेवलात का? दोन्हींचा आतड्यावर परिणाम होतो आणि पदार्थांच्या यादीत तो कुठेच दिसत नाही.

६. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका

ही पायरी सगळ्यांना अवघड वाटते आणि बहुतेक वह्या इथेच वाया जातात. तिसऱ्या दिवशी दूध बंद, पाचव्या दिवशी गहू बंद, सातव्या दिवशी इसबगोल सुरू, असं झालं की बरं वाटण्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही. आयबीएसचा त्रास मुळात कमी-जास्त होत राहतो. अगदी वाईट दिवसात केलेला कुठलाही बदल त्यानंतरच्या चांगल्या दिवसामुळे यशस्वी वाटतो.

१४ दिवस नेहमीसारखं खा, चांगल्या दिवशीही तितक्याच नेमाने लिहा. चांगले दिवस लिहिले नाहीत तर तुलना कशाशी करणार? खाल्ल्यावर १५ मिनिटांच्या आत लिहा. रात्री झोपताना आठवून लिहिलेली नोंद आपल्या संशयाकडे झुकते: पोट दुखलेलं असलं की दुपारचा संशयित पदार्थ ठळक आठवतो आणि बाकीचे पुसट होतात. लिहायला वेळ नसेल तर ताटाचा फोटो काढून ठेवा, पण घटक आणि माप त्याच दिवशी लिहून टाका, कारण फोटोत लसूण दिसत नाही.

जाहिरातींत दिसणाऱ्या ‘फूड इन्टॉलरन्स’च्या आयजीजी रक्तचाचणीने हे दोन आठवडे वाचतील असं वाटेल. वाचत नाहीत. आयजीजी प्रतिद्रव्यं तो पदार्थ आपण खात आलो आहोत एवढंच बहुधा दाखवतात, आणि अशा रिपोर्टवरून लोक नेहमीचे, पोषक पदार्थ उगाच सोडतात.

७. वही कशी वाचायची

आता घड्याळ महत्त्वाचं. अन्न जठरातून पुढे जायला साधारण २ ते ४ तास घेतं, लहान आतड्यात आणखी ४ ते ६ तास आणि मोठ्या आतड्यात १२ तासांपासून दोन-दोन दिवसही. प्रत्येक माणसात यात फरक पडतो, पण यावरून तीन खिडक्या आखता येतात.

काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत. जेवल्याबरोबर घाई लागली तर त्या घासातलं अन्न बाहेर येत नसतं. जठर ताणलं की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा संदेश जातो, ही शरीराची नेहमीची प्रतिक्रिया आहे, आयबीएसमध्ये ती तीव्र होते. मोठं जेवण, जास्त तेल-तूप आणि कॉफी यांनी ती जोरात होते. अशा वेळी पदार्थ बंद करण्यापेक्षा जेवणाचा आकार आणि स्निग्धांश कमी करून पाहा.

साधारण ४ ते २४ तास. न पचलेल्या शर्करा मोठ्या आतड्यात पोचून तिथले जिवाणू त्या आंबवतात, तेव्हाचा काळ. फुगणं आणि वात यांची कारणं याच खिडकीत शोधा. फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉलसारखे घटक लहान आतड्यात पाणीही ओढून घेतात, त्यामुळे त्यांची गुरगुर याआधीही सुरू होऊ शकते.

एका दिवसाहून जास्त. बद्धकोष्ठता कुठल्या एका जेवणाने होत नाही. तिच्यासाठी गेल्या तीन-चार दिवसांतलं पाणी, तंतुमय पदार्थ, हालचाल आणि औषधं पाहा.

वरच्या नमुन्याकडे परत या. सकाळी पावणेसातचं फुगणं हे रात्रीच्या राजमा-कांदा-लसणाला ९ तास ४५ मिनिटं झाल्यावरचं आहे, म्हणजे दुसऱ्या खिडकीत चपखल बसतं. सव्वाआठची घाई कॉफीनंतर १५ मिनिटांत आली, ती पहिली खिडकी, आणि त्यात कमी झोप व बैठकीचा ताण मिसळलेला. शेवटच्या खाण्याला दोष देणारा माणूस इथे दूध बंद करून मोकळा झाला असता, आणि पुढच्या वेळी राजमा खाल्ल्यावर पोट तसंच फुगलं असतं.

एका दिवसावरून निकाल मात्र देऊ नका. संशयित पदार्थासाठी चार चौकटी करा: खाल्ला आणि त्रास झाला, खाल्ला आणि झाला नाही, नाही खाल्ला तरी त्रास झाला, नाही खाल्ला आणि झाला नाही. समजा १४ दिवसांत ९ दिवस त्रासाचे. दूध ६ दिवस घेतलं, त्यानंतर ४ वेळा त्रास. ८ दिवस घेतलं नाही, तरी ५ वेळा त्रास. तीनात दोन आणि आठात पाच, म्हणजे जवळजवळ सारखंच. दुधावर संशय घ्यायला जागा नाही. कांदा ८ दिवस होता, ७ वेळा त्रास. ६ दिवस नव्हता, २ वेळाच त्रास. हा पदार्थ पुढच्या पायरीला न्यायचा. दोन आठवड्यांचे आकडे हा पुरावा नव्हे, पण कुठे शोधायचं ते यातून ठरतं.

बेरजेचा परिणामही पाहा. सकाळी सफरचंद, दुपारी मध, संध्याकाळी दूध, रात्री कांदा: एकेकटे सगळे निभावतात आणि एकाच दिवशी आले की पोट उलटतं.

८. एका वेळी एक बदल

सोप्या बदलांपासून सुरुवात करा: जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवणं, चहा-कॉफी मिळून ३ कपांच्या आत, मद्य आणि फसफसणारी पेयं कमी, फळं दिवसाला साधारण ८० ग्रॅमचे ३ भाग, घाई न करता जेवणं. यांतला एकेक बदल घ्या आणि नोंद चालू ठेवा. बऱ्याच जणांना पुढे जायची गरजच पडत नाही.

तरीही त्रास राहिला तर कमी-फॉडमॅप आहार येतो (फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबणाऱ्या शर्करा). ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत तीन टप्प्यांची आहे: २ ते ६ आठवडे आंबणाऱ्या शर्करा कमी करणं, मग गटागटाने परत आणणं, मग आपल्याला झेपेल असा कायमचा आहार ठरवणं. लोक पहिल्या टप्प्यातच महिनोन् महिने अडकतात. बरं वाटतंय मग बदलायचं कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण या शर्करा आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्य आहेत आणि लांबलेल्या पथ्याने आहार फार तोकडा होतो. शक्य असेल तर हे आहारतज्ज्ञाबरोबर करा.

परत आणण्याची चाचणी तीन दिवसांची असते. बाकीचा आहार तसाच ठेवून एकच पदार्थ वाढत्या मापात घ्यायचा. लॅक्टोजसाठी (दुधातली साखर) दूध: पहिल्या दिवशी ६० मिलि, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी २५०. लसणासाठी पाव पाकळी, अर्धी, एक. स्पष्ट त्रास झाला की चाचणी तिथेच थांबवा आणि आदल्या दिवशीचं माप ‘झेपतं’ म्हणून लिहा. पुढच्या पदार्थाआधी २-३ दिवस मोकळे सोडा आणि पोट शांत झाल्याशिवाय नवी चाचणी सुरू करू नका.

पदार्थ निवडताना त्यात अशा शर्करांचा एकच गट असेल असं पाहा. लॅक्टोजची चाचणी आइसक्रीमने केली तर स्निग्धांशही आला, उत्तर कशाचं मिळालं ते समजणार नाही. चाचणी पाळीच्या दिवसांत, प्रवासात किंवा अँटिबायोटिक चालू असताना करू नका. लसणाच्या चाचणीत अपयश आलं तरी लसणाचा स्वाद गेला असं नाही: फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात पाकळ्या परतून त्या काढून टाकल्या तर तेलात स्वाद राहतो. मात्र रश्शात पाकळ्या शिजवून मग काढल्या तर फ्रुक्टन रश्शात उतरलेलं असतं.

इसबगोल सुरू करायचं असेल तर तेही एक ‘बदल’ म्हणून एकटंच सुरू करा, थोड्या मापाने, भरपूर पाण्याबरोबर. एकदम पूर्ण मात्रा घेतली तर सुरुवातीला फुगणं वाढतं. गव्हाचा कोंडा हा त्याला पर्याय नाही, आयबीएसमध्ये त्याने त्रास वाढू शकतो.

९. डॉक्टरांकडे नेताना

पूर्ण वही वाचायला तपासणीच्या वेळेत कोणालाच सवड नसते. एका पानावर एवढं काढा: किती दिवसांची नोंद, त्यात त्रासाचे दिवस किती, दुखण्याचे सरासरी आणि सर्वाधिक गुण, ब्रिस्टल क्रमांक प्रत्येकी किती वेळा, रात्री झोपेतून उठावं लागलं का, चालू औषधं, आणि दोन-तीन संशयित पदार्थ त्यांच्या चार चौकटींसह. वही सोबत असू द्या, विचारलं तर दाखवायला.

रोजची नोंद आयुष्यभर ठेवायची नसते. दोन आठवडे मूळ नोंद, मग बदलांच्या आणि चाचण्यांच्या काळात, एवढं पुरतं. प्रत्येक घासाआधी वहीची भीती वाटू लागली, किंवा खाण्याचे पदार्थ दर आठवड्याला कमीच होत चालले, तर लिहिणं थांबवा आणि आहारतज्ज्ञाला भेटा. ‘झेपतं’ असं ठरलेल्या मापांची यादी मात्र जपून ठेवा. सहनशक्ती काळानुसार बदलते, त्यामुळे फेल गेलेला पदार्थ काही महिन्यांनी त्याच तीन दिवसांच्या पद्धतीने पुन्हा तपासून पाहा.